परिशिष्ट चार

३ फेब्रुवारी

शेंडेफळास ताईचे आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या मागोमाग एक तक्रार.

परवा फोनवर तू विचारलंस, "सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." मावशी शेजारीच बसली होती, दुसरं काय म्हणणार? शिवाय नियम तिचाच आहे: फोनवर खुशाली, कामाचं पत्रात. आपण दोघं फोनवर तीन वाक्यांच्या पुढे गेलो की भांडतो, हे तिने तू कॉलेजात असतानाच ओळखलं होतं. तर हे कामाचं.

मावशीचं ऑक्सिजनचं मशीन शनिवारी बंद पडलं. आत एक रबरी झडप असते, नखाएवढी. ती जुनी झाली की कडक होते, हवा मागे फिरते आणि मशीन माणसापेक्षा जास्त धापा टाकायला लागतं. झडप बदलली की झालं. अर्ध्या तासाचं काम, आणि त्यातली दहा मिनिटं चष्मा शोधण्यात जातात. पण कंपनीने आत कुलूप बसवलंय. झाकण उघडलं की मशीनला कळतं, आणि पडद्यावर 'अधिकृत सेवकास बोलवा' अशी अक्षरं येऊन बसतात. मग त्यांचा माणूस येणार, चार आकडे दाबणार, तेव्हा मशीन पुन्हा श्वास घेणार. आकडे कोणाला सांगत नाहीत. झडप सुटी विकत नाहीत. मी वीस वर्षं या दुकानात बसून मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं उघडलंय, पण माझ्याच घरातल्या, आम्हीच विकत घेतलेल्या मशीनपुढे मी परकी.

कंपनीला फोन केला. एकवीस दिवसांनी माणूस येईल म्हणाले. तोवर सिलेंडर पाठवतात. लिफ्ट नाही हे तुला माहीतच आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी तो खांद्यावर घेऊन चढते आणि मावशी वरून ओरडते, "हळू गं, सिलेंडर आपटेल!" माझी काळजी नाही बाईला.

आता खरं विचारायचं ते. ते कुलूप चुकवायची युक्ती मला येते. गेल्या थंडीत घड्याळजींच्या मशीनवर केली होती. मावशीचं उघडू का? तू कायद्याच्या घरात बसतोस, म्हणून विचारते.

— ताई


९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो, आणि आमच्या शाखेत खुर्चीतून कोणी सहसा उठत नाही.

उघडू नकोस. का ते सांगतो.

राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्यात सुधारणा होते आहे. अनुचित व्यापार म्हणजे काय, त्याची यादी वाढणार. आतापर्यंत ती फक्त ग्राहकापुरती होती. आता पहिल्यांदाच छोटे व्यावसायिक, म्हणजे तुझ्यासारखे दुरुस्तीवाले, त्यात येतील. आणि नवं कलम नऊ-अ असं: विकलेल्या वस्तूचे सुटे भाग आणि कुलपाचे आकडे ग्राहकाला किंवा त्याच्या पसंतीच्या कारागिराला नाकारणे हा अनुचित व्यापार समजला जाईल, मागितल्यापासून सात दिवसांत द्यावे लागतील. हे कलम कोण लिहितंय, विचार. तुझं शेंडेफळ. बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतले स्वल्पविराम हलवतो आहे. हे पहिलं कलम माझं स्वतःचं.

समिती मार्चमध्ये विधेयक सभागृहात नेईल. त्याआधी कंपन्या येऊन सांगणार की अशी तक्रार कोणाचीच नाही, सगळं आलबेल आहे. तेव्हा आमच्याकडे खरी उदाहरणं हवीत. मावशीचं मशीन हात न लावता तसंच ठेव. समितीचे लोक पाहणीला येऊ शकतात. उघडलेलं मशीन दिसलं की कंपनीचा वकील म्हणेल, या बाईनेच बिघडवलं.

आणि घड्याळजींची गोष्ट मला सविस्तर लिहून पाठव. सरकारी भाषेत नको. तू सांगतेस तशी. नाव काढून फाइलला जोडीन.

दीड महिन्याचा प्रश्न आहे. सिलेंडर चढवायला कोणी हमाल मिळतो का बघ. मावशीला सांग, तिच्यामुळे कायदा बदलतोय.

— तुझा कलमबहाद्दर


१५ फेब्रुवारी

कलमबहाद्दरास,

मावशीला सांगितलं. म्हणाली, "माझ्यामुळे आजवर दुधाचा भाव बदलला नाही, कायदा कसला बदलतोय!" पण तेव्हापासून मशीनवर रोज फडकं मारते. पाहुणे येणार आहेत ना पाहणीला. बरं, नाही उघडत. तू म्हणतोस तर हात बांधून बसते.

आता तुझी गोष्ट.

गल्लीच्या टोकाला एक घड्याळजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. फुप्फुसं निकामी, दिवसातले सोळा तास नाकाला नळी. गेल्या थंडीत त्यांचं मशीन बंद पडलं. कंपनीने एकोणीस दिवसांची तारीख दिली. चौथ्या दिवशी त्यांची सून दुकानात आली आणि मला घरी घेऊन गेली. मी मशीन उघडलं. झडप गेलेली. कंपनी देईना, बाजारात मिळेना. मी त्यांच्या खोलीत इकडे तिकडे बघत होते, आणि समोर माशांची टाकी. टाकीच्या पंपात तशीच झडप असते. त्याच मापाची, त्याच रबराची, मी ताणून पाहिली. धुतली, उकळली, बसवली. दोन तारा जोडून कुलूप चुकवलं. मशीन चालू झालं, सुनेने कंपनीची तारीख रद्द केली, आणि ते आज चौदा महिने चालू आहे. माशांना मी दुसऱ्या दिवशी नवा पंप आणून दिला. त्यांची काही तक्रार आली नाही.

घड्याळजी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "कंपनीला मी एकोणीस दिवस टिकेन असं वाटलं, ही त्यांची मोठी मेहेरबानी."

पुरे का एवढं? की अजून मसाला हवा?

इकडे एकविसावा दिवस जवळ आला आहे. दुसऱ्या कंपनीचं मशीन भाड्याने मिळतं का पाहिलं. शहरात भाड्याने देणारे दोघं होते, दोघंही आता याच कंपनीचे झालेत.

— ताई


२ मार्च

माझ्या बाळास मावशीचा एक पापा, दाढीच्या जागा सोडून.

ताई खाली दुकानात आहे म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर ते वयाचं, आजाराचं नाही. मी मजेत आहे. कंपनीचा माणूस आला नाही, त्यांनी तारीख पुढे ढकलली. येईल. न येऊन जातो कुठे.

तुझ्या कायद्याची मी सगळ्या मजल्यांवर जाहिरात केली आहे. खालची शिंपीण म्हणते, तिच्या मशीनचाही एक भाग अडलाय, तोही त्यात घाल. मी म्हटलं, भाच्याला सांगते, जागा असली तर घालेल.

एक गुपित सांगते. डॉक्टरांनी सिलेंडरची चावी दोनवर ठेवायला सांगितलं आहे. ताई असली की दोनवर असते. ती खाली गेली की मी एकवर करते. पडून तर असते, मला कुठे डोंगर चढायचाय? असं केलं की एक सिलेंडर चांगला दिवसभर जास्त पुरतो. तुझ्या बहिणीचा खांदा काळानिळा झालाय रे. ती दाखवत नाही, पण अंघोळीला जाताना मला दिसतं. तुम्हा दोघांना वाढवताना मी एक वीतभर दोरासुद्धा वाया घालवला नाही, आता हवा कशी घालवू?

तिला कळवू नकोस. ओरडेल, आणि ओरडली की मला हसू येतं, आणि हसलं की दम लागतो.

पोटभर जेवत जा.

— मावशी


६ मार्च

मावशी,

गुपित पोचलं, पोटात ठेवलं. पण चावी दोनवरच ठेवत जा, नाहीतर येऊन कान पिळीन. तू आमचे पिळलेस तेवढ्याचा हिशेब बाकी आहेच. शिंपिणीच्या मशीनला कायद्यात जागा आहे, तिला सांग.

थोडे दिवस. मग तुझं मशीन ताई तुझ्यासमोर उघडेल आणि कोणी अडवणार नाही.

— बाळ


१२ मार्च

ताई,

पत्राला उशीर झाला. इकडे कामाने नाकी नऊ आले आहेत. सगळे कागद पुन्हा टंकले जातायत, समासाची रुंदी बदला म्हणून वरून आदेश आला, आणि त्यात दोन दिवस गेले. आमच्या मजल्यावरचा पंखा पुन्हा आवाज करतो. तू इथे असतीस तर एका मिनिटात बंद केला असतास.

विधेयक पुढे सरकतं आहे. समितीत बरीच चर्चा झाली. कंपन्यांचे लोक आले होते, ते त्यांची बाजू मांडणारच. काही ठिकाणी शब्दरचनेत बदल होतायत. एकूण कायदा चांगला होतो आहे. पंखे, मिक्सर, शिलाई मशीन, शेतीची अवजारं, सगळ्यांसाठी मोठी गोष्ट आहे. तुझ्या दुकानाला फार फायदा होईल.

मावशीचं मशीन मात्र आता मुळीच उघडू नकोस. मुळीच. हे मी गंमतीने लिहीत नाही. घड्याळजींकडेही काही करायला जाऊ नकोस. कोणी विचारलं तर काही बोलू नकोस.

कंपनीकडे रोज फोन करत राहा. वरच्या साहेबाचा नंबर माग.

मावशी नीट जेवते ना?

— मी


१९ मार्च

शेंडेफळा,

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. 'मुळीच' हा शब्द तू दोनदा लिहिलास, त्यावर आमची चर्चा झाली. मी म्हटलं, कायदा अगदी दारात आलाय, म्हणून एवढा जपतोय. मावशी म्हणाली, "तो लहानपणी काच फोडली की असा दोनदा बोलायचा." मी तिला गप्प केलं. तुझ्यावर विश्वास ठेवायचं मी ठरवलंय, तेव्हा पुरता ठेवते.

पण इकडचं बरं नाही, हे सांगायला हवं. मावशी दिवसाही झोपून असते. ओठ निळसर दिसतात. डॉक्टर म्हणाले, चावी दोनवर असताना असं व्हायला नको, छातीचा फोटो काढू. जिने उतरवून नेणार कशी, हा विचार चालू आहे.

कंपनीला रोज फोन करते. काल एका बाईने फोन उचलला. नवी असावी, कारण खरं बोलली. म्हणाली, "तुमच्या पत्त्यावर खूण आहे. तपासणी होईपर्यंत तुमच्याकडे माणूस पाठवायचा नाही असं लिहिलंय." मी विचारलं, कसली तपासणी? तर म्हणाली, "ते मला दिसत नाही," आणि फोन ठेवला. कसली खूण? आम्ही काय चोर आहोत? तुला काही कळलं तर कळव.

आणि घड्याळजींचं मशीन कंपनीने परवा येऊन बदलून दिलं. अगदी कोरं करकरीत. चौदा महिन्यांत ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही, ते न बोलावता आले. सुनेने एका कागदावर सही केली म्हणे. मला पाहून ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली.

माझ्या हाताला खाज सुटली आहे. अर्ध्या तासाचं काम आहे रे. तू नुसतं 'कर' म्हण.

— ताई


२५ मार्च

ताई,

विधेयक काल मंजूर झालं. टाळ्या वाजल्या.

तपशील पत्रात लिहिण्यासारखा नाही. पुढच्या आठवड्यात रजा घेऊन येतो आणि समोर बसून सांगतो. तोवर धीर धर. काही करू नकोस.

— मी


११ एप्रिल

तुला,

तू आलास, तीन दिवस राहिलास, गेलास. लोक भेटायला येत होते, मला बोलता आलं नाही, असं समजून तू स्वतःची समजूत घालशील. मीही तशीच घातली होती. चौथ्या दिवशी पाकीट आलं.

आधी त्या दुपारचं लिहिते, कारण तू विचारलं नाहीस. सत्तावीस तारखेला सिलेंडरची गाडी येणार होती, आली नाही. जो होता तो अर्धा भरलेला होता, दोनवर संध्याकाळपर्यंत पुरला असता. मी मावशीला सांगितलं, "गोदामात जाऊन दुसरा घेऊन येते, दीड तासात परत." ती म्हणाली, "सावकाश जा, माझी घाई नाही." मी पावणेतीनला परत आले. सिलेंडरमध्ये हवा होती. काटा जवळजवळ होता तिथेच होता. चावी अर्ध्यावर होती. एकवरसुद्धा नव्हती. तिने सांभाळून ठेवली होती.

मी खांद्यावरचा सिलेंडर खाली ठेवला आणि किती तरी वेळ त्याचाच आवाज माझ्या कानात होता.

तिच्या उशीच्या अभ्र्यात तू तिला लिहिलेलं पत्र मिळालं. 'गुपित पोचलं, पोटात ठेवलं.' तुला सहा मार्चपासून माहीत होतं. मी डॉक्टरांसमोर शपथेवर सांगत होते की चावी दोनवर असते, आणि तुला माहीत होतं.

आता पाकिटाबद्दल. कंपनीच्या वकिलाची नोटीस आहे. त्यांच्या मशीनला मी पुन्हा हात लावला तर माझं दुकान बंद करवतील. सोबत पुरावा म्हणून एक छापील कागद जोडलाय. वरच्या कोपऱ्यात लिहिलंय 'परिशिष्ट चार: एका कारागिराचे निवेदन'. मी वाचायला लागले आणि मला वाटलं, ही बाई अगदी माझ्यासारखी बोलते. मग माशांपाशी आले. 'त्यांची काही तक्रार आली नाही' या वाक्याखाली लाल रेघ मारली आहे, आणि बाजूला कोणीतरी लिहिलंय: 'ही माणसं रुग्णांच्या जिवाशी खेळतात आणि वर विनोद करतात.'

नाव तू काढलं होतंस. गोष्ट ठेवलीस. चौदा महिने ज्याने दुरुस्तीला बोलावलं नाही असं म्हातारं गिऱ्हाईक त्यांना वहीत शोधायला किती वेळ लागला असेल? आणि तिथून माझ्या दुकानापर्यंत? आणि दुकानापासून तीन मजले वर?

हा कागद त्यांच्या हातात कसा गेला? आणि तो नवा कायदा मला का लागू नाही? वकील लिहितो की नाही. मला सरळ मराठीत सांग. शब्दरचना नको.

— ताई


१७ एप्रिल

ताई,

सरळ सांगतो.

आमच्याकडे रीत अशी आहे की फाइलला जे परिशिष्ट म्हणून जोडलं, त्याची प्रत हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला जाते. कंपनीने हरकत घेतलीच होती. हे मला माहीत होतं. मी बारा वर्षं स्वतःच्या हाताने त्या प्रती पाठवल्या आहेत. तुझं पत्र सारांश करून आतल्या टिपणीत घालता आलं असतं, मग ते बाहेर गेलं नसतं. मी ते अख्खं जोडलं, कारण ते इतकं चांगलं लिहिलेलं होतं की मला त्यातला एक शब्द गाळवेना. समितीच्या सदस्यांनी ते वाचून हसावं आणि आपल्या बाजूने व्हावं असं वाटलं. खरं तर मला ते दाखवायचं होतं. ही माझी बहीण, असं म्हणता येत नव्हतं, तरी दाखवायचं होतं.

नऊ मार्चला समितीची बैठक झाली. कंपनीच्या वकिलाने परिशिष्ट चार मोठ्याने वाचलं. लोक हसले, पण वेगळे हसले. तो म्हणाला, उद्या तुमच्या आईच्या मशीनमध्ये माशांच्या टाकीचा भाग बसला तर चालेल का? पंधरा जणांपैकी एकही 'चालेल' म्हणाला नाही. मी भिंतीला लागून बसलो होतो. आमच्यासारख्यांना तिथे बोलायची मुभा नसते. बोलायची मुभा असती तर मी बोललो असतो का, हे मला आता सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, वैद्यकीय उपकरणं वगळायची, संध्याकाळपर्यंत मसुदा द्या. तो मी लिहिला. 'मानवी शरीराला जोडलेले, अथवा जोडण्याच्या हेतूने बनवलेले, कोणतेही उपकरण व त्याचा कोणताही भाग यांस कलम नऊ-अ लागू होणार नाही.' साहेब म्हणाले, उत्तम, कुठूनही पाणी शिरणार नाही. खरंच शिरणार नाही. बंद असलेलं मशीनही त्यातून सुटत नाही, कारण 'हेतूने' हा शब्द आहे. तो शब्द मी आपणहून घातला. कोणी सांगितलं नव्हतं. वाक्य अपुरं वाटत होतं म्हणून.

त्यानंतर मी तुला समासाच्या रुंदीबद्दल पत्र लिहिलं.

तुला 'उघड, दुरुस्त कर' म्हणावं असं रोज वाटलं. पण मग का, असं तू विचारलं असतंस, आणि मला हे सगळं सांगावं लागलं असतं. मावशीचं गुपितही त्याच भीतीत अडकलं. तुला पत्र लिहायला घेतलं की खरं बाहेर येईल असं वाटायचं, म्हणून पत्रच आखूड करत गेलो.

परवा राजीनामा लिहिला आहे. अजून दिला नाही. तू म्हणशील तर उद्या देतो आणि तुझ्या दुकानात येऊन बसतो. पडेल ते काम करीन. माफी मागायची माझी लायकी नाही, पण मागतो.

— तुझा धाकटा भाऊ


४ मे

शेंडेफळा,

चौदा दिवस तुझं पत्र गल्ल्याखाली ठेवलं होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग काल जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगणार, हा प्रश्न पडला. आपल्या दोघांना आता तिसरं कोणी नाही.

राजीनामा फाडून टाक. तू माझ्या दुकानात येऊन काय करणार? तुला पाना कोणता आणि पक्कड कोणती हे कळत नाही. आणि तू उठलास की त्या खुर्चीत जो बसेल, त्याला ते वाक्य कुठून सांधलंय हे ठाऊक नसेल. तू सांधलंस, तूच उसव. शिंपिणीला तिचा अडलेला भाग मिळाला आहे, सातव्या दिवशी, कुरकुर न करता. म्हणजे बाकीचा कायदा चालतो. मला ते पाहून आनंद झाला आणि मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले. पुढचं अधिवेशन कधी ते कळव. या वेळी मी स्वतः येईन, आणि माझं जे आहे ते समोर उभी राहून बोलेन. तू भिंतीला लागून बस. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, तो जाईल असंही मला वाटत नाही. तरी पोटभर जेवत जा.

तर काल. सकाळी अकरा वाजता बेल वाजली. कंपनीचा माणूस. चाळिशीचा, घामाघूम, तीन जिने चढून आलेला. म्हणाला, "तुमची तपासणी संपली, खूण निघाली, उशिराबद्दल दिलगीर आहोत." त्याला काही माहीत नव्हतं. मी त्याला आत घेतलं. पाणी दिलं. मशीन कोपऱ्यात होतं तसंच होतं, मी त्यावरचं फडकं काढलं.

त्याने झाकण उघडलं, झडप बदलली, आकडे दाबले. मी घड्याळ लावून बसले होते. अकरा मिनिटं. हात चांगला होता त्याचा, उगाच काय खोटं बोलू.

मशीन चालू झालं. मग त्याने वही काढली आणि विचारलं, "पेशंट कुठे आहेत? नळी लावून पाच मिनिटं बघावं लागतं, बोटाला चिमटा लावून आकडा लिहायचा असतो. त्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरत नाहीत."

माझ्या तोंडातून 'गेली' हा शब्द निघेना. निघाला असता तर त्याने मशीन बंद केलं असतं. मी म्हटलं, "मीच पेशंट." मावशीच्या खुर्चीत बसले, नळी नाकाला लावली, बोट पुढे केलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, खोलीकडे पाहिलं. माझ्या मते त्याला समजलं. पण त्याला अजून आठ घरी जायचं होतं.

पाच मिनिटं तो घड्याळाकडे बघत होता. हवा थंड असते रे, आणि तिला कसलाच वास नसतो. मला आजवर हे माहीतच नव्हतं.

अठ्ठ्याण्णव आकडा आला. त्याने मावशीच्या नावापुढे तो लिहिला, शेजारच्या रकान्यात 'प्रकृती उत्तम' लिहिलं, आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली. मी तिच्या नावाने सही केली. कंपनीच्या दप्तरी ती आता ठणठणीत आहे.

— ताई